मुकादम नावाची काठी

पूलच्या खेळात पहिला फटका मारायला वेगळी काठी लागते की नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. कोणी विचारलं तर मी "लागते असं नाही, पण असली तर बरं" असं काहीतरी अर्धवट बोलते. नानांसमोर असं बोलले असते तर त्यांनी मला टेबलापासून दूर नेऊन अक्कांच्या शेजारी डाळ निवडायला बसवलं असतं. तिथे बसून माणसाचं मत पक्कं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

नाना म्हणजे जळगावात आमच्या हॉस्टेलच्या मागच्या रस्त्याला पूलची दोन टेबलं चालवणारे गृहस्थ. सगळे त्यांना नानाच म्हणत. ते आधी एका डाळमिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडली तेव्हा मालकाने तिची एक शेड त्यांना भाड्याने दिली आणि तिथे त्यांनी ही टेबलं टाकली. शेडला तुरीच्या टरफलांचा वास शेवटपर्यंत होता. नवीन आलेली पोरं नाक वर करून हुंगायची. नाना म्हणायचे, "हुंगू नका, खेळा. वास मिलचा आहे, तो काही तासाचे पैसे मागत नाही."

मी धरणगावजवळच्या गावातली. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. हॉस्टेलच्या पहिल्या वर्षी मला रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानात एकटीने शिरायची भीती वाटायची, मग पूलच्या शेडमध्ये शिरणं लांबच. पण खेळाच्या बाईंनी पूलच्या स्पर्धेसाठी मुलींची नावं हवीत म्हणून वर्गातून चार जणींना उठवलं, त्यात मी होते. आम्ही दारापर्यंत गेलो आणि थांबलो. दारात एक बाई सुपात डाळ घेऊन बसल्या होत्या. त्या नानांच्या बायको, अक्का. त्यांनी आमच्याकडे न बघता सूप जरा सरकवलं, वाट करून दिली आणि म्हणाल्या, "जा आत. मी शे ना आठे." मी इथे आहे ना, एवढंच. त्या दारात बसायच्या म्हणून अकरा ते दोन या वेळात मुली खेळायला येऊ शकत होत्या. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण त्या वेळात एखादा मुलगा आलाच तर अक्का त्याला पाणी भरायला लावत.

नाना कोणाला नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. पाचोरा, यावल, पिंपळनेर, अशी आमची हजेरी. मी धरणगाव. माझं गाव धरणगाव नाही, पुढे सहा किलोमीटरवर आहे, हे मी दोनदा सांगून पाहिलं. "तेवढं चालतं," नाना म्हणाले.

आता त्या काठीबद्दल. पूलमध्ये सुरुवातीला पंधरा गोट्या त्रिकोणात रचतात आणि पांढऱ्या गोटीने त्या फोडतात. मग ज्याने त्याने आपापल्या सात भोकांत घालायच्या आणि काळी सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक ज्या काठीने खेळतात तिनेच फोडतात. नानांकडे हे चालत नसे. भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने ठळक लिहिलेलं होतं, 'फोडायची काठी वेगळी'. खाली एक खिळा आणि खिळ्याला टांगलेली ती काठी. तिवसाच्या लाकडाची, काळपट, जाडजूड. शेतातल्या अवजारासाठी आणलेल्या लाकडातून नानांनी ती स्वतः घडवली होती. टोकाला साध्या टीपऐवजी चपलेच्या तळाचं कडक चामडं. तिचं नाव मुकादम.

"मुकादमाने सकाळी एकदा आरडाओरडा करायचा," नाना समजावत, "मग बाजूला उभं राहायचं. काम बाकीच्यांनी करायचं."

तर पद्धत अशी होती, की मुकादम घ्यायचा, फोडायचं, परत खिळ्याला टांगायचा आणि मगच आपली काठी उचलायची. जो विसरून खेळायच्या काठीने फोडेल त्याने त्या काठीची टीप स्वतः बदलायची. जुनी टीप ब्लेडने खरवडायची, नवीन चिकटवायची, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधायची आणि सुकेपर्यंत खेळायचं नाही, बघत बसायचं. मी हे तीनदा केलं आहे. तिसऱ्या वेळी नानांनी टीप नखाने दाबून पाहिली, तिचा वास घेतला आणि "नोकरी नाही लागली तरी उपाशी मरणार नाहीस" असं प्रमाणपत्र दिलं.

या नियमामागे त्यांचा मिलचा हिशोब होता. मिलमध्ये तूर फोडायचं यंत्र वेगळं आणि डाळीला चकाकी आणायचं वेगळं. फोडायच्या यंत्रात चकाकी आणायला गेलं तर चुरा होतो आणि चकाकीच्या यंत्रात फोडायला गेलं तर यंत्र रडतं. "फोडानी काठी येगळी, खेळानी येगळी," ते म्हणायचे. रंगात आले की ते अहिराणीत शिरायचे. "बठ्ठं जग असंच चालस." सगळं जग असंच चालतं.

दारातून अक्का म्हणायच्या, "मी एकाच लाटण्याने पोळ्या लाटते, दाणे कुटते आणि वेळ पडली तर यांनाही दाखवते. माझं जग चाललंच ना?"

हे ऐकलं की नाना उठत. ते पंखे बंद करायला जात.

पंख्यांचं सांगायचं राहिलं. कोणी फोडणार असेल तेव्हा नाना शेडमधले सगळे पंखे बंद करत आणि स्वतः बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहत. फोडणं बघायचं नसतं, ऐकायचं असतं, असं ते मानत. समोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. आवाज ऐकून टपरीवाल्याने मान वळवली तर फोडणं जमलं. नाही वळवली तर नाना आत येऊन म्हणायचे, "रचा परत." जळगावच्या मे महिन्यात पंखे बंद करून तीन-तीनदा त्रिकोण रचायचा म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलं त्यांनाच ठाऊक.

पाचोऱ्याने फोडलं की टपरीवाला वळायचा. यावलने फोडलं की गाळणी हातात धरून वळायचा. मी फोडलं की दूध उतू गेलं तरच वळायचा.

माझा हात हळू होता. मुकादम हातात घेऊनही हळूच होता. आमच्या घरी 'हळू' हा शब्द मी सगळ्यात जास्त ऐकला असेन. दार हळू लाव, हळू हस, भांडं हळू ठेव. कोणी मुद्दाम दुखवायला सांगत नव्हतं, वस्तू मोजक्या होत्या आणि भिंती पातळ होत्या. कॉलेजातही मी प्रयोगशाळेतली काचेची नळी अशी धरायचे, की सर म्हणायचे, ती पकड, तिची माफी मागू नकोस. नानांनी मला पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं. "अय धरणगाव," ते म्हणाले, "तू जीव राखीसन मारस."

"म्हणजे काय करू, नाना?"

"काही नको करू. टोकाला खडू लाव."

मला खूप वाटायचं, की एकदा, फक्त एकदा त्या टपरीवाल्याने माझ्यासाठी मान वळवावी. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं ते नव्हतंच. दोन वर्षं मात्र ते मनात होतं.

नानांचे एक मित्र धुळ्याला होते, आबा. दोघे एकाच मिलमध्ये एकाच यंत्रावर होते. आबांनी सायकलच्या दुकानामागे एक टेबल टाकलं होतं आणि त्यांचं मत बरोबर उलट होतं. एकच काठी, तिनेच फोडा, तिनेच खेळा. दर रविवारी सकाळी दोघांचं फोनवर भांडण व्हायचं. तब्येत, मुलं, पाऊस हे विषय दोन मिनिटांत संपायचे आणि मग काठी सुरू व्हायची.

माझ्या तिसऱ्या वर्षी हे भांडण पैजेवर आलं. दोघांनी एकेक खेळाडू द्यायचा, धुळ्यात तीन डाव खेळायचे. जो हरेल त्याने दुसऱ्याचं मत आपल्या भिंतीवर ऑइलपेंटने, स्वतःच्या हाताने लिहायचं. नाना हे सांगत होते तेव्हा त्यांचा हात त्या निळ्या अक्षरांवर होता. ती पुसायची म्हणजे काय, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. आबांकडून त्यांची भाची खेळणार होती. पॉलिटेक्निकला शिकणारी, आणि चांगली खेळते म्हणून ऐकलेली.

"आपल्याकडून कोण?" पाचोऱ्याने विचारलं. ती शर्टाच्या बाह्या दुमडायला लागलीच होती.

"धरणगाव," नाना म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, मला फोडता येत नाही."

"म्हणूनच. पाचोरा जिंकली तर आबा म्हणेल, पोरगी चांगली होती. तू जिंकलीस तर काठीशिवाय दुसरं कारणच सापडणार नाही त्याला."

मला या बोलण्याचं वाईट वाटावं की आनंद व्हावा, ते ठरवेपर्यंत अक्कांनी सोबत येणार असल्याचं जाहीर करून टाकलं होतं.

आम्ही तिघं सकाळच्या एसटीने निघालो. नानांनी त्यांची स्वतःची खेळायची काठी माझ्यासाठी आणली होती. ती ते कोणाला हात लावू देत नसत. पारोळ्यापर्यंत ती त्यांनी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली होती आणि कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट काढू का विचारल्यावर त्यांनी गंभीरपणे "ती उभीच आहे, जागा अडवत नाही" असं सांगितलं. मुकादमाची जबाबदारी माझी. अक्कांच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मी तो वरच्या फळीवर ठेवला.

आणि तिथेच राहिला. धुळ्याला उतरताना मी माझी पिशवी घेतली, अक्कांची पिशवी घेतली, पाण्याची बाटली घेतली. बस पुढे नंदुरबारला गेली. आबांच्या दारात नानांनी माझ्याकडे हात पुढे केला तेव्हा मला कळलं. मला रडू आलं नाही, त्याच्याही पुढचं काहीतरी झालं. मी फक्त बस गेली त्या दिशेला बोट दाखवलं.

नानांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "खिडकीकडच्या बाजूने ठेवला होतास की मधल्या?"

"खिडकीकडच्या."

"मग पडणार नाही," ते म्हणाले आणि आत गेले.

आबा उंच, किडकिडीत, नानांच्या अगदी उलट. हकीकत ऐकून ते मनापासून हसले. "अरे, माझ्या भिंतीवरची कोणतीही काठी घे ना फोडायला. परका आहेस का?"

"तुझ्या भिंतीवरची घेतली तर मी इथेच हरलो. जिंकलो तरी नाव तुझ्याच काठीचं होईल," नाना म्हणाले. त्यांनी आपली काठी माझ्या हातात दिली. "हिनेच फोड."

त्या काठीने कोणी फोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या मुठीपाशी नानांच्या बोटांनी लाकूड गुळगुळीत झालं होतं. नाणेफेक मी जिंकले, म्हणजे पहिला आणि तिसरा डाव मी फोडायचा होता. मी खडू लावला. पुन्हा लावला. मग इतकं हळू फोडलं, की त्रिकोण फुटला नाही, फक्त जरा सैल झाला. आबांची भाची म्हणाली, "ताई, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालतात तसं मारलं तुम्ही." ती वाईट मनाने बोलली नव्हती. पण शेवटच्या पाच गोट्या तिने सलग घातल्या आणि पहिला डाव संपला.

मी वळून पाहिलं तर नाना नव्हते. अक्का खुर्चीवर बसून आबांच्या घरची मेथी निवडत होत्या. "गयात कथा तरी," त्या म्हणाल्या, म्हणजे गेले कुठेतरी. "यास्नं डोकं फिरेल शे. तू खेळ."

दुसरा डाव भाचीने फोडला. त्याच तिच्या एका काठीने, छान खणखणीत. मी कशीबशी टिकून राहिले. शेवटी दोघींची फक्त काळी गोटी उरली. तिने ती घातली, पण पांढरीही मागोमाग भोकात गेली. नियमाने डाव माझा झाला. तिने कपाळाला हात लावला. आबा म्हणाले, "हरकत नाही. काठीचा दोष नाही, घाईचा आहे."

एक-एक. तिसरा डाव मी फोडायचा होता आणि माझ्या हातात नानांची काठी होती. मला वाटत होतं, की मी आता या माणसाची काठीही खराब करणार आणि भिंतही.

तेवढ्यात नाना आत आले. त्यांच्या हातात फावड्याचा नवाकोरा दांडा होता. पुढच्या चौकातल्या अवजारांच्या दुकानातून तो घेऊन त्यांनी शेजारच्या सुताराकडून एक टोक निमुळतं करून घेतलं होतं. टोकावर चामड्याची चकती चिकटवून वर ट्यूबची पट्टी बांधलेली होती. ट्यूब सायकलच्या दुकानातली, आबांच्याच. आणि चामडं कुठलं हे आम्हाला त्यांच्या चालण्यावरून कळलं. त्यांच्या उजव्या चपलेच्या टाचेत रुपयाएवढं भोक होतं.

आबा दांड्याकडे बघत म्हणाले, "नाना, तू कुदळ लयी उना का टेबल खोदाले?"

"फावडाना शे," नाना म्हणाले. "कुदळना नही."

मी तो हातात घेतला. जड होता आणि थोडा खरबरीत. एका बाजूला दुकानदाराने पेन्सिलने किंमत लिहिलेली होती. नाना माझ्या जवळ आले आणि अगदी हळू बोलले, जे ते कधी करत नसत. "हा मोडला तर चौकात अजून वीस आहेत. मी मोजून आलो." मग त्यांनी ट्यूबची पट्टी सोडली, चकती नखाने दाबून पाहिली, पंखा बंद केला आणि बाहेर रस्त्यावर जाऊन पाठ करून उभे राहिले. धुळ्यातही.

अजून वीस आहेत. मला आठवतं, की मी हेच मनात म्हणत होते. माझ्या हातात आयुष्यात पहिल्यांदा अशी वस्तू होती, की जी मोडली तरी कोणाचं काही जाणार नव्हतं. मी तो दांडा मागे ओढला आणि मारला.

आवाज झाला. भाची एक पाऊल मागे सरकली. गोट्या टेबलभर पळाल्या, दोन भोकांत गेल्या, एक काठावर चढून परत खाली आली. अक्कांच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सांगताना अजून जरा लागतं. मी दांडा भिंतीला टेकवला, नानांची काठी घेतली आणि काळ्या गोटीपर्यंत पोहोचले. काळी गोटी सरळ होती, सोपी होती. ती मी चुकवली. भाचीने तिच्या उरलेल्या तिन्ही घातल्या, मग काळीही. डाव तिचा, पैज आबांची.

परतीच्या बसमध्ये मी नानांना म्हटलं, "चुकलं माझं. सगळंच. मुकादमही आणि काळी गोटीही."

"काळ्या गोटीचं फोडण्याच्या काठीकडे काय काम?" नाना म्हणाले. "ती माझ्या काठीची चूक." आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. उजवा पाय त्यांनी डाव्यावर ठेवला होता, टाचेला खडा टोचत असावा.

थोड्या वेळाने अक्का माझ्याकडे कलल्या. "तू फोडलं ना, तेव्हा हे वळले होते."

"चप्पल बघत होतो," नाना खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाले.

"चप्पल पायात होती, मान दारात होती," अक्का म्हणाल्या. "मी खुर्चीवरून पाहिलं."

दुसऱ्या दिवशी नानांनी शिडी लावली. 'फोडायची काठी वेगळी' यावर पांढरा हात मारला आणि वर निळ्या अक्षरात लिहिलं, 'एकच काठी पुरे'. आम्ही सगळ्या खाली उभ्या होतो. 'पुरे'ची मात्रा देऊन झाल्यावर ते उतरले, पिशवीतून फावड्याचा दांडा काढला आणि मुकादमाच्या जुन्या खिळ्याला टांगला.

"नाना," पाचोरा म्हणाली, "पैज हरलोय आपण."

"काठी एकच," नाना म्हणाले. "हा दांडा आहे."

पुढच्या रविवारी आबांचा फोन आला. तब्येत आणि मुलं संपायच्या आधीच त्यांनी विचारलं, की तो फावड्याचा दांडा चौकातल्या नक्की कोणत्या दुकानातून घेतला होता. भाची मागे लागली आहे. नानांनी फोन कानापासून लांब धरला, आम्हाला सगळ्यांना ऐकू यावा म्हणून, आणि आबांना पुन्हा विचारायला लावलं. असं त्यांनी तीनदा केलं.

मुकादम मिळाला नाही. नानांनी डेपोत दोन चकरा मारल्या. मग म्हणाले, नंदुरबारकडे कोणाच्या तरी गच्चीवर तो कपडे वाळत घालायच्या कामाला लागला असेल, बसून खाणारा नव्हताच तो.

शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली त्या दिवशी मी शेडमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी गावाकडे निघायचं होतं आणि त्यानंतर एम.एससी.ला नाशिकला. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण नानांनी त्याआधीच खडू माझ्या हातात दिला. त्यांनी त्रिकोण रचला, पंखे बंद केले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मी खिळ्यावरून दांडा काढला. पेन्सिलने लिहिलेली किंमत हातांनी पुसली गेली होती. खडू लावला, एकदाच. मारला.

गोट्या अजून पळत होत्या तेव्हा रस्त्यापलीकडून टपरीवाल्याचा आवाज आला. "ओ नाना, कोण फोडतंय आज?"

नाना माझ्याकडे पाठ करूनच उभे होते.

"धरणगाव," ते म्हणाले.